नाकाचा नंबर

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. जेवणं आटपून सगळं घर कलंडलं होतं, पडवीत कुत्रं पाय ताणून पडलं होतं आणि आई आतल्या काळोख्या खोलीत अढीपाशी बसली होती. अढी उघडताना ती कुणाला जवळ येऊ देत नाही. वरचं भाताचं गवत हलक्या हाताने बाजूला सारायचं, एकेक आंबा उचलून देठाकडून नाकाशी न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि ठरवायचं: हा आजचा, हा उद्याचा, हा मुंबईच्या पेटीतला. मी दारात उभी राहून बघत होते. तिने एक आंबा उचलला, नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. अंगठ्याने हळूच दाबून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाय, हय ये गो जरा. ह्यो बघ, वास येता काय?"

मला वाटलं, खायला देतेय. हातात घेतला तर आंबा इतका पिकलेला की तळहाताला त्याचा ऊबदार मऊपणा जाणवत होता, आणि वास तर मी दारात होते तेव्हापासूनच येत होता. म्हटलं, "आई, हा संध्याकाळपर्यंतसुद्धा राहायचा नाही." ती एवढंच म्हणाली, "होय मा?" आणि तो आंबा घेऊन बाजूला ठेवला. तिचं ते "होय मा?" मला त्या रात्री झोप लागेपर्यंत ऐकू येत होतं. आमच्या घरात आंब्याबद्दल हा प्रश्न ती विचारत नसे, तिला विचारत असत. शेजारच्या काकी पहिली अढी लावली की तिला हाक मारत. "रंगार जाव नको," हे तिचं ठरलेलं वाक्य. हिरवा दिसणारा हापूस पिकलेला असतो आणि पिवळाजर्द दिसणारा आत आंबट निघतो, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलेली. रंग फसवतो, वास फसवत नाही.

आणि आता तिलाच वास येत नव्हता.

एकदा हे ध्यानात आल्यावर मागच्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी एकामागून एक समोर येऊन उभ्या राहिल्या. दिवाळीत दूध करपून तळाला काळं झालं तरी ती शेजारच्या खोलीत शांतपणे वाती वळत बसली होती. गणपतीत केलेल्या उसळीच्या वाटपाला, म्हणजे वाटणाला, खवट खोबरं लागलं होतं. आम्ही सगळे न बोलता जेवलो, कारण आईच्या हातचं खवट असू शकतं हे आमच्या डोक्यातच येईना. आणि मासे. "बांगड्याक आता पयलीसारकी चव नाय," असं ती महिनोन्‌महिने म्हणत होती. आम्ही सगळ्यांनी तिला दुजोरा दिला. मी तर ट्रॉलरवर आणि बर्फावर एक छोटं भाषणच दिलं होतं. "सगळा बर्फातला, चव खयसून येतली," असं तीही म्हणाली होती. बांगडा तोच होता. चव म्हणून आपण जे काही ओळखतो, त्यातलं जिभेच्या वाट्याला खारट, आंबट, गोड, कडू आणि मांसाची ती एक रसदार गोडी, एवढंच येतं. बांगडा बांगड्यासारखा आणि तारली तारलीसारखी लागते ती घास चावताना घशामागून नाकात वर चढणाऱ्या वासामुळे. ती वाट बंद झाली की उरतं फक्त मीठ आणि तिखट.

मग इतके दिवस आम्हाला कळलं कसं नाही? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते फोडणीत होतं. आई फोडणी घाले, मिरची तडतडे, आणि तिला ठसका लागे. नेहमीसारखा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ज्या बाईला फोडणीचा ठसका लागतो तिच्या नाकाला काही झालंय असं कुणाला वाटेल? पण नाकात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. वासाची मज्जा, म्हणजे मज्जातंतू, ही मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांतली पहिली. तिच्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधे असतात आणि चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून थेट मेंदूत शिरतात. ठसका, झिणझिण्या, कापराचा गारवा, चिरलेल्या कांद्याची चुरचुर हे सगळं मात्र पाचव्या जोडीचं काम. चेहऱ्याला चटका बसला, दात दुखला, तरी बातमी नेते तीच. आईची पाचवी मज्जा ठणठणीत होती. पहिली कधीची गप्प झाली होती, आणि पाचवी तिच्या जागी उभी राहून आम्हा सगळ्यांना सांगत होती की सगळं ठीक आहे.

मी तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात दिवा लावून पाहिलं, मांस वाढलेलं नाही, हाड फार वाकडं नाही असं सांगितलं, आणि म्हणाले, वयाप्रमाणे होतं असं. कोविड झाला होता का? झाला होता, दुसऱ्या लाटेत, चार दिवस ताप. मग त्यानेही असेल. म्हणजे नेमकं कशाने हे कळण्याची वाट नव्हती. परतताना रिक्षात मी विचार करत होते: आईच्या डोळ्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे. मोतीबिंदू कोणत्या वर्षी काढला तेही. बाबांचे कान गेले तेव्हा आलेखाचा कागद मिळाला होता, कुठल्या आवाजाला किती कमी ऐकू येतं ते दाखवणारा. साखर, रक्तदाब, गुडघ्याचे फोटो, सगळ्याची फाईल आहे. नाकाची नाही. नाकाला नंबर नसतो. पंचाहत्तर वर्षांत एकाही माणसाने तिला विचारलं नव्हतं की, बाई, तुम्हाला वास येतो का?

आणि हे फक्त आमच्या घरातलं दुर्लक्ष नव्हतं. मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी प्रयोगशाळेत एस्टर तयार करून "बघा, केळ्याचा वास" असं मुलांना सांगते, पण तो वास नाकात गेल्यावर पुढे काय होतं, हे मी स्वतः कधी शिकले नव्हते. आईमुळे वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की विज्ञानानेही नाकाला असंच पडवीत बसवून ठेवलं होतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १९१४ मध्ये शाळेतल्या मुलांसमोर बोलताना विचारलं होतं की तुम्ही कधी वास मोजून पाहिलाय का. दोन वासांमधला फरक मोजता येत नाही तोवर वासाचं शास्त्र होणार नाही. तोवर प्रयत्न झालाच नव्हता असं नाही. हॉलंडमधल्या झ्वार्डेमाकर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये एका नळीत दुसरी नळी सरकवून वास मोजायचं साधन केलं होतं. बाहेरची वासाची नळी जितकी सरकवावी तितका जास्त वास नाकात. कल्पना किती साधी! पण डोळ्यांच्या तक्त्यासारखी ती कुठल्या दवाखान्याच्या भिंतीवर आली नाही.

या सगळ्यामागे एक समजूत होती, आणि ती एका मोठ्या माणसाची होती. मेंदूतलं बोलण्याचं केंद्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो पॉल ब्रोका. एकोणिसाव्या शतकात त्याने निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू तपासले आणि पाहिलं की माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग प्रचंड वाढलाय, तर वासाचा कंद, म्हणजे नाकातून आलेला वास घेणारा मेंदूचा भाग, त्या मानाने अगदीच लहान आहे. म्हणून त्याने माणसाला वासात कच्च्या प्राण्यांच्या रांगेत बसवलं. माणूस नाकाच्या ताब्यात नाही म्हणून तो विचार करू शकतो, अशी काहीशी ती मांडणी. त्याने कुणाचं नाक तपासलं नव्हतं. मापं बघून निष्कर्ष काढला होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते पाठ्यपुस्तकी सत्य झालं. जॉन मॅकगॅन या संशोधकाने २०१७ मध्ये सगळी कागदपत्रं उलटून पाहिली आणि दाखवलं की माणसाचा वासकंद मेंदूच्या मानाने लहान दिसतो खरा, पण त्यातल्या पेशींची संख्या इतर सस्तन प्राण्यांच्या आसपासच आहे. बर्कलीच्या विद्यापीठात तर विद्यार्थ्यांचे डोळे बांधून, कान बंद करून, हातात जाड मोजे घालून त्यांना गवतावर गुडघ्यांवर सोडलं होतं. गवतात चॉकलेटच्या अर्कात बुडवलेली दोरी. बत्तीसपैकी दोन तृतीयांश जण नुसत्या वासावर ती वाट काढत गेले, आणि सरावाने त्यांचा वेगही वाढला.

हे वाचताना मला आमच्या घरामागचा उतार आठवला. जून तोंडावर आलेला, फणस उंच झाडावर पानांआड, कुठला पिकलाय ते खालून कळायचं नाही. आई कंबरेला कोयता खोचून दोन झाडांच्या मधे उभी राहायची. वारा कुठून येतोय ते बघायची. चार पावलं डावीकडे, दोन मागे. "ह्या झाडार. वयल्या फांदयेर," आणि भाऊ वर चढायचा. ती चुकली असं मला आठवत नाही. आम्ही याला "आईचं नाक तिखट" म्हणायचो आणि विसरून जायचो. तिच्या हिशोबाला, तिच्या शिवणाला, तिच्या ओव्यांच्या पाठांतराला लोक कौतुकाने नावाजत. नाकाचं कौतुक म्हणजे गमतीचा विषय. ब्रोकाला मी दोष देते, पण मीही वेगळं काय करत होते?

मला तिचं नाक मोजायचं होतं. अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये वासाची एक चाचणी तयार केली. कागदावर चाळीस वास, नखाने खरवडायचे, हुंगायचे आणि चारातून एक उत्तर निवडायचं. त्याच सुमाराच्या त्यांच्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या अर्ध्याहून अधिक लोकांचा वास लक्षात येण्याइतका मंदावलेला निघाला. हे वाचून मला पहिल्यांदा हायसं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. मग चाचणीतले वास पाहिले. पिझ्झा. रूट बिअर. अमेरिकी लोणच्याची काकडी. वेंगुर्ल्याच्या बाजूला आयुष्य काढलेल्या बाईला हे हुंगायला द्यायचं आणि तिला गुण द्यायचे? म्हणून एका रविवारी औषधाच्या रिकाम्या डब्या धुऊन, उन्हात वाळवून मी माझी चाचणी मांडली. एकीत सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी, एकीत तिरफळं, एकीत कापूर, एकीत जुनं खवट खोबरेल, एकीत आईच्या ट्रंकेतली सुकी ओवळं. एक मुद्दाम रिकामी. आईला पडवीतल्या बाकावर बसवून डोळे मिटायला सांगितलं. ती लहान मुलीसारखी पाठ ताठ करून बसली, हात मांडीवर.

कापराला तिने लगेच नाव दिलं. "कापूर." मी विचारलं, कसं कळलं? "नाकात थंड लागता." पाचवी मज्जा. सुंगटांच्या डबीपाशी ती बराच वेळ थांबली, दोनदा हुंगलं, म्हणाली, "कायतरी आसा हेच्यात." काय ते सांगता येईना. तिरफळांना मान हलवली, नाही. खोबरेलाला "तेल" म्हणाली, पण ते बोट बुडवून पाहिल्यावर, आणि खवट आहे हे कळलंच नाही. मग पाचवी डबी मी नाकाशी धरली. तिने लांब श्वास घेतला. एकदा, दोनदा. डोळे मिटलेलेच.

"ही रिकामी आसा."

ती डबी ओवळांची होती. म्हणजे बकुळीची. ओवळं सुकली तरी वास सोडत नाहीत, म्हणून तर आमच्याकडे ती लुगड्यांत, ट्रंकेत, पोथीत ठेवतात. आईच्या ट्रंकेचा वास म्हणजे ओवळांचा वास, माझ्या सगळ्या बालपणाचा वास. मी डबीचं झाकण लावलं आणि पुढची, खरोखरची रिकामी डबी तिच्यासमोर धरलीच नाही. ती म्हणाली, "माका म्हायत होता. तुमका सांगान काय करतलंय?" मग जरा वेळाने, "कोणती होती ती?" मी खोटं बोलले. म्हटलं, रिकामीच होती.

हे मला अजून टोचतं. तिने विश्वास ठेवला की नाही, ठाऊक नाही.

त्या दिवसांत मी जे वाचत होते त्यातलं सर्वांत सुंदर प्रकरण खोबरेलाशी येऊन भिडलं, म्हणून ते सांगते. वास ओळखला जातो कसा, यावर माणसं दोन हजार वर्षं अंदाज बांधत होती. रोमन कवी ल्युक्रेशियसला वाटे, सुवासाचे कण गुळगुळीत आणि दुर्गंधाचे काटेरी. विसाव्या शतकात जॉन अमूर यांनी सात मूळ वास मानले आणि म्हटलं, रेणूच्या आकाराप्रमाणे नाकात खोबणी आहेत. पण खोबण कुणी पाहिली नव्हती. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदराच्या नाकात वास पकडणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचं अख्खं कुटुंब शोधून काढलं. सुमारे हजार जनुकं, कुणाच्या कल्पनेतही नव्हती एवढी. माणसात त्यांतली चारशेच्या आसपास चालू आहेत, बाकीची मोडीत निघालेली. २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रंगांसाठी डोळ्याला तीन प्रकारच्या पेशी पुरतात आणि नाकाला चारशे लागतात, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसले होते.

पण चारशे ग्राहक, म्हणजे वास पकडणारी ती प्रथिनं, आणि वास तर अगणित, हे जमतं कसं? १९९९ मध्ये बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडलं. एका वासासाठी एक ग्राहक असं नसतं. एक रेणू अनेक ग्राहकांना जागं करतो, एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो, आणि मेंदू बघतो तो कोणकोणते जागे झाले त्याचा नमुना. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं: ठिपके तेच, जोडले वेगळे की कमळाऐवजी कासव. त्या अभ्यासात आठ कार्बनचं एक अल्कोहोल आणि आठ कार्बनचंच एक आम्ल होतं. कागदावर दोन्हींत किती थोडा फरक! अल्कोहोलला संत्र्याचा, गुलाबाचा गोड वास. आम्लाला घामट, खवट. दोघांनी जागवलेले ठिपके वेगळे. आणि ते आठ कार्बनचं आम्ल कुठे असतं? नारळाच्या तेलात, बांधलेल्या रूपात. तेल जुनं झालं, त्यात ओल शिरली की ते मोकळं होतं. गणपतीतल्या त्या वाटपात आम्हा सगळ्यांच्या नाकात जे ठिपके उजळले, ते आईच्या नाकात उजळले नव्हते. माणसाच्या या ग्राहकांपैकी एक वासाच्या रेणूसकट नेमका कसा दिसतो हे शास्त्रज्ञांना पाहता आलं ते थेट २०२३ मध्ये. म्हणजे आईच्या नाकात काय बिघडलं याचं शास्त्र तिच्या नातवंडांपेक्षाही लहान आहे.

माशांचं सांगितल्याशिवाय कोकणातल्या माणसाला वासावर लिहिता येणार नाही. मासळीबाजारात आई कल्ले उघडून बघायची, डोळे बघायची, पण शेवटचा निकाल नाकाचा. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक निर्गंध पदार्थ असतो, खाऱ्या पाण्यात तग धरायला मदत करणारा. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात आणि मग "वास मारतो". तो वास आम्लारिधर्मी. आम्ल मिळालं की त्याचं क्षार होतं, हवेत उडेनासं होतं. मी हे फळ्यावर शिकवते. आई हे माझ्या जन्माआधीपासून करत होती: मासे साफ करून झाले की भिजलेलं आमसूल तळहातावर चोळायचं, नखांत घालायचं, आणि मग साबण. आमसूल आंबट म्हणून सारात पडतं, आणि नाकासाठीही पडतं. मोरीला, म्हणजे शार्कला, ती जास्त घालायची, कारण मोरीच्या अंगात युरियाही साठलेला असतो, तिचा उग्रपणा वेगळाच. आइसलंडमध्ये काही हजार लोकांना वास हुंगायला देऊन २०२० मध्ये असं आढळलं की तिथल्या काहींच्यात एका ग्राहकाचं जनुक जरा वेगळं आहे. त्यांना माशाचा हा वास तितका वाईट वाटत नाही, काहींना तर त्यात बटाटा किंवा कॅरॅमल आठवतो. पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगलेल्या बेटावर हे सापडावं! आपल्या किनाऱ्यावरच्या नाकांत कुणी असं शोधायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. पहिली सर आली तेव्हा आम्ही दोघी खळ्यात होतो. ढेकळं भिजली आणि तो वास उठला, ज्याला बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पेट्रिकोर हे नाव दिलं. त्यांच्या निबंधात उत्तर प्रदेशातल्या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. आपल्या अत्तरवाल्यांनी तो वास कुपीत धरला होता तेव्हा त्याला विज्ञानात नाव नव्हतं. आपले वैशेषिक तत्त्वज्ञ तर गंध हा पृथ्वीचाच गुण मानत. मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेला जिओस्मिन नावाचा एक रेणू त्यात असतो, आणि एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. ब्रोकाने कच्चं ठरवलेल्या त्याच नाकाला. आई अंगणात उभी राहून थेंब हातावर घेत होती. म्हणाली, "सांग, कसो येता?" मी म्हटलं, मातीचा. "ता माका म्हायत आसा. कसो येता ता सांग."

आणि मला सांगता येईना.

मलय द्वीपकल्पात जहाय नावाचे लोक आहेत. त्यांना वास हुंगायला दिले तर रंगांची नावं घ्यावीत तशी ते वासांची नावं घेतात, हे २०१४ मध्ये आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी दाखवलं. वाघाला ओढून आणणाऱ्या रक्ताच्या वासासाठीही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. त्याच चाचणीत इंग्रजी बोलणारे अडखळले, 'याच्यासारखा', 'त्याच्यासारखा' करत राहिले. मी मराठी शब्द मोजायला बसले आणि चकित झाले. खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, ओशट, कोंदट, उग्र. भपकारा, दर्प, दरवळ, घमघमाट. कुबट म्हटलं की पावसाळ्यात आठवडाभर न वाळलेला टॉवेल थेट नाकात येतो; खवट म्हटलं की जुना नारळ. आणि क्रियापदं तर बघा: फणसाचा वास सुटतो, माशाचा मारतो, कपडे वास धरतात, भाताला धुराचा वास लागतो. वास काय करतोय यावरून तो कसला हे आपल्याला कळतं. एवढं सगळं घरात असून मी आईला "मातीचा" म्हणून गप्प बसले होते.

जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधा उपाय मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, रोज दोनदा, लक्ष देऊन हुंगायचे, बारा आठवडे. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने उगवत राहतात, मज्जापेशींत हे नवल आहे, म्हणून आशेला जागा असते. वय झालं की ते उगवणं मंदावतं, हेही खरं. आई रोज सकाळ-संध्याकाळ देवापाशी बसून हुंगते. गुलाबाऐवजी ओवळं, हे तिनेच ठरवलं. डबीत काय आहे ते मला सांगावं लागलं नाही. श्रावणात एकदा लवंगेला "जरासो येता" म्हणाली. फाल्गुनात आरवलीकडून सुरंगीचा वळेसार आला, केसांत माळून दिवसभर वावरली. माझी मुलगी तिच्या पाठीला नाक लावून बसली होती. "आजी, मधासारखा येतोय," असं म्हणाली. आई म्हणाली, "मध नाय. मधार मिरी घातल्यासारको बघ." मुलीने पुन्हा हुंगलं आणि डोळे मोठे केले.

या मे महिन्यात पुन्हा अढी उघडली. आता आम्ही दोघी बसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देवगड, वेंगुर्ले आणि दापोलीच्या हापूसचे वास यंत्रावर तपासून २०१२ मध्ये दाखवलं की ते एकसारखे नाहीत. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती गवत सारत होती; "मगे?" एवढंच म्हणाली. पिकताना हापूसमध्ये लॅक्टोन येतात, सायीसारखा, पिकल्या गोडव्याचा वास देणारे. कैरीचा हिरवा, झोंबरा वास त्यांच्याखाली दबतो. ती आंबा उचलते, दाबते, माझ्या हातात देते. "देठाकडे हुंग. गोड येता काय आंबट?" गोड. "आणि मागसून?" मी पुन्हा हुंगते. मागून काहीतरी हिरवट, चिकासारखं, अगदी बारीक. "चीक येता? मगे आजचो नाय ह्यो. उद्याक." पुढचा आंबा. हाही मी हुंगला आणि खात्रीने म्हटलं, आजचा; नुसती साय, चीक अजिबात नाही. तिने तो माझ्या हातातून घेतला, अंगठा देठाशी टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि उद्याच्या ढिगात नेऊन ठेवला. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आंबा कापला. बाठ्याला लागून अजून आंबट होता.